ब्रिटिश राजवारशाचे कायदे मुळातून वाचण्यासाठी: एका सरकारी संकेतस्थळाचे परीक्षण

ब्रिटनच्या गादीवर कोणी बसायचे हे रक्ताच्या नात्याइतकेच संसदेच्या कायद्यानेही ठरते, ही गोष्ट राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात एका वाक्यात उरकलेली असते; ती ज्या कलमांनी घडली ती कलमे स्वतः वाचण्याची सोय ‘लेजिस्लेशन डॉट गव्ह डॉट यूके’ हे संकेतस्थळ कोणतेही शुल्क न घेता करून देते. ब्रिटिश सरकारच्या वतीने तेथील राष्ट्रीय अभिलेखागार ते चालवते. या विषयाच्या विद्यार्थ्यासाठी याहून मोलाचे साधन माझ्या पाहण्यात नाही.

त्याचे खरे बळ तळटिपांत आहे. १७०१ च्या ‘अ‍ॅक्ट ऑफ सेटलमेंट’मध्ये संसदेने अनेक कॅथलिक नातेवाइकांना ओलांडून पहिल्या जेम्सची नात, हॅनोव्हरची सोफिया, आणि तिचे प्रॉटेस्टंट वंशज यांच्याकडे वारसा वळवला, आणि कॅथलिक व्यक्तीशी विवाह करणाऱ्यालाही गादीपासून दूर ठेवले. आज त्या कायद्याचा सुधारित मजकूर उघडला, तर विवाहाविषयीचे शब्द वगळलेले दिसतात आणि तेथील टीप वाचकाला थेट २०१३ च्या ‘सक्सेशन टू द क्राउन अ‍ॅक्ट’कडे नेते. स्वतः कॅथलिक असणाऱ्याला मात्र आजही राजा होता येत नाही, हेही त्याच पानावर कळते. तीनशे वर्षांपूर्वीच्या संसदेने घातलेली अट आजच्या संसदेने नेमकी कुठवर सैल केली, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे दुसरे काही मला माहीत नाही.

१९३६ चा राजत्यागाचा कायदा तर प्रत्येकाने वाचावा, कारण तो अगदी छोटा आहे. आठव्या एडवर्डने १० डिसेंबरला राजत्यागाच्या पत्रावर सही केली आणि त्याच्या तिघा भावांनी साक्ष घातली. ते पत्र परिशिष्टात जसेच्या तसे आहे. परंतु राजाची सही पुरेशी नव्हती. दुसऱ्या दिवशी कायद्याला संमती मिळाली तेव्हाच तो पायउतार झाला, आणि त्याच्या भावी संततीचा हक्कही त्याच कायद्याने संपवला.

काही अडचणी आहेत. राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणारे आणि १६८९ च्या डिसेंबरात संमत झालेले ‘बिल ऑफ राइट्स’ येथे १६८८ या वर्षाखाली आणि ‘अ‍ॅक्ट ऑफ सेटलमेंट’ १७०० खाली सापडते, कारण त्या काळी कायद्याची तारीख अधिवेशनाच्या आरंभापासून धरत आणि इंग्लंडमधील वर्ष २५ मार्चला सुरू होई. हे ठाऊक नसलेला वाचक वर्षावरून शोध घेऊ लागला तर चुकणारच. स्पष्टीकरणात्मक टिपा १९९९ नंतरच्या कायद्यांनाच जोडल्या जाऊ लागल्या, त्यामुळे सतराव्या शतकातील अर्धे पान व्यापणारी वाक्ये स्वतःच उलगडावी लागतात. शिवाय संकेतस्थळ कायद्याचा मजकूर देते, त्यामागचे राजकारण देत नाही. पुढे राणी झालेल्या अ‍ॅनचा अकरा वर्षांचा मुलगा १७०० मध्ये दगावला नसता तर सोफियाचे नाव कायद्यात येण्याची निकड उरली नसती, हे वाचकाला इतिहासाच्या पुस्तकातूनच समजून घ्यावे लागेल.

म्हणून नव्या वाचकाने कालक्रमाने न जाता २०१३ च्या कायद्यापासून मागे जावे. त्याचे पहिलेच कलम सांगते की २८ ऑक्टोबर २०११ नंतर जन्मलेल्या व्यक्तीला केवळ पुरुष म्हणून अग्रक्रम मिळणार नाही. युवराज विल्यमची मुलगी राजकन्या शार्लट वारसाक्रमात धाकट्या भावाच्या पुढे आहे ती यामुळेच. हा कायदा अमलात यायला मार्च २०१५ का उजाडले, याचा धागा १९३१ च्या ‘स्टॅच्यूट ऑफ वेस्टमिन्स्टर’च्या, म्हणजे साम्राज्यातील स्वशासित देशांच्या संसदांना स्वातंत्र्य देणाऱ्या कायद्याच्या, प्रस्तावनेत आहे, कारण वारशातील बदलाला त्याच राजाच्या इतर देशांतील संसदांचीही संमती असावी असे तिथे लिहिले आहे. तिथून १९३६ आणि मग सतरावे शतक, असे गेल्यास जुनी भाषा जड वाटत नाही.