दशमान ठोकळे आणि अपूर्णांकांच्या चकत्या: नऊ महिने वापरल्यावर

बाजारात तयार मिळणारा १२१ नगांचा दशमान ठोकळ्यांचा संच, ५१ तुकड्यांचा अपूर्णांक-चकत्यांचा डबा आणि जोडीला हाताने केलेलं थोडं साहित्य, हे सगळं जून ते फेब्रुवारी दुसरी ते चौथीच्या मुलांबरोबर वापरून झालं. गोव्यातली मराठी प्राथमिक शाळा, पट कमी, दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत, घरी कोकणी बोलणारी मुलं जास्त. पेडणे, डिचोली, सत्तरीकडच्या शिक्षकांना हे चित्र वेगळं सांगायला नको. निकाल आधीच सांगायचा तर ठोकळे घ्या, पण पहिल्या महिन्यात कपाटातच ठेवा. चकत्या नाही घेतल्या तरी काही बिघडत नाही.

आधी ठोकळे. १२१ म्हणजे १०० सुटे, १० दशकाचे दांडे, १० शतकाच्या पाट्या आणि हजाराचा एक मोठा ठोकळा. सुटा एक सेंटिमीटर बाजूचा, दांडा दहा सेंटिमीटर लांब, पाटी दहा बाय दहा. मापं चोख आहेत: दहा सुटे ओळीने लावले की दांड्याला बरोबर भिडतात, आणि खरेदी करताना हेच तपासून घ्यावं. स्वस्तातल्या फोमच्या ठोकळ्यांत दहा सुटे दांड्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी भरतात. मूल ते लगेच पकडतं आणि ‘दहा नाही, अकरा लागतात’ म्हणतं. त्यात त्याची काय चूक?

संचाची खरी अडचण दांड्यांची आहे. ९९ + ९९ मांडा. १८ सुटे आणि १८ दांडे लागतात, दहा सुट्यांचा एक दांडा केला की १९. पेटीत दांडे दहाच. म्हणजे दोन अंकी हातच्याची बेरीजसुद्धा एका गटाला पुरत नाही, आणि सुटे मात्र शंभर पडून राहतात. एका गटाला २० सुटे, २० दांडे, १० पाट्या हे प्रमाण बरोबर बसतं. दुसरा संच घेण्यापेक्षा सेंटिमीटरच्या चौकटींचा आलेख कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवून दांडे आणि पाट्या कापून घ्याव्यात. पुठ्ठ्याचे दांडे लाकडाइतके देखणे नसतात, पण काम तेच करतात.

आता पहिल्या महिन्यात ठोकळे का नकोत ते. तीन दांडे आणि चार सुटे समोर ठेवून ‘एकूण किती?’ विचारा. दुसरीतली बरीच मुलं ‘सात’ म्हणतात. दांडा त्यांच्या लेखी एक वस्तू आहे. त्यावर नऊ खाचा आहेत हे आपल्याला दिसतं, कारण आपल्याला ते आधीच माहीत आहे. दांडा सुटतही नाही, त्यामुळे तो दहापासून झालाय हे मुलाच्या हाताला कधी कळत नाही. म्हणून सुरुवात काड्यांच्या गठ्ठ्यांपासून. गोव्यात आइसक्रीमच्या काड्या विकत घ्यायची गरजच नाही. खराट्याचे हीर दहा-दहा सेंटिमीटरचे कापले की झालं. टोकं बोथट करावीत, नाहीतर बोटात शिरतात. जाडी कमीजास्त असली तर असू दे, मोजायच्याच आहेत. प्रत्येक गटाला दीडशे हीर पुरतात.

गठ्ठा मुलानेच बांधायचा, दहा मोजून. बांधायला रबरबँड नकोत. इथल्या दमट हवेत दोन महिन्यांत ते चिकट होऊन तुटतात, आणि गठ्ठा सुटला की मूल गोंधळतं की हे दहा होते की नऊ. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बोटभर रुंद कड्या कापून घ्या, वर्षभर टिकतात. वजाबाकीत सुटे कमी पडले की मूल गठ्ठ्याची कडी काढतं, आणि तिथे कुठली अदलाबदल नसते, त्याच दहा काड्या सुट्या होतात. ‘हातचा’ म्हणजे काय हे त्या एका हालचालीत आहे. असे तीन-चार आठवडे गेले की ठोकळे काढावेत. मग ‘हा दांडा म्हणजे चिकटवलेला गठ्ठा’ एवढं सांगितलं की पुरतं. ‘सात’ म्हणणारी मुलं तेव्हा उरत नाहीत असं नाही, पण त्यांना दांडा सुट्यांशेजारी धरून मोजायचं सुचतं.

वजाबाकीत सगळ्यात जास्त वेळ मधल्या शून्यावर द्यावा लागतो. ४०२ − १७८ कागदावर दिलं की ३७६ हे उत्तर हमखास येतं: प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करून मोकळं. ठोकळ्यांवर हे घडूच शकत नाही. चार पाट्या, दांडा एकही नाही, दोन सुटे. आठ सुटे उचलायचे आहेत आणि मोडायला दांडा नाही. मूल इथे थांबतं, आणि थांबू द्यावं. सांगायची घाई करू नये. मग एक पाटी देऊन दहा दांडे, त्यातला एक देऊन दहा सुटे: ३ पाट्या, ९ दांडे, १२ सुटे. १७८ उचलले की २२४ उरतात. प्रत्येक बदलानंतर वहीत लगेच लिहायचं, नुसतं शेवटी नाही. ठोकळे एकीकडे, लिहिणं दुसरीकडे असं ठेवलं तर मूल ठोकळ्यांवर २२४ काढतं आणि वहीत पुन्हा ३७६ लिहितं, दोन्ही शेजारी-शेजारी, आणि त्यात त्याला काही खटकत नाही.

आता आपल्या भाषेचा भाग, ज्याचा कुठल्याही पेटीबरोबरच्या पुस्तिकेत उल्लेख नसतो. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात आणि लिहिताना दोन. म्हणून मूल ५२ लिहितं. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतं आणि लिहायचे असतात वीस नि नऊ, मूल ३९ लिहितं. आणि एकोणनव्वदपर्यंत घोटलेला नियम नव्व्याण्णवला येऊन मोडतो. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी जोडी दिली तेव्हा बरीच ओरड झाली, पण वर्गात तिचा उपयोग होतो. पंचवीस शब्द सोडायचा नाही; गठ्ठे मांडताना ‘वीस आणि पाच, पंचवीस’ असं दोन्ही म्हणायचं. घरात कोकणीतही ‘पंचवीस’च ऐकू येत असल्याने शब्द ओळखीचा असतो, अडतं फक्त लिहिण्यात.

त्यावर सर्वांत गुणकारी ठरली ती एकावर एक ठेवायची कार्डं. ३६ कार्डं: १ ते ९, १० ते ९०, १०० ते ९००, १००० ते ९०००. एका अंकाला चार सेंटिमीटर रुंदी, म्हणजे एककाचं कार्ड चार, दशकाचं आठ, शतकाचं बारा, हजाराचं सोळा सेंटिमीटर रुंद. उंची सगळ्यांची पाच. ‘एकशे पाच’ सांगितल्यावर जे मूल १००५ लिहितं, ते १०० च्या कार्डावर ५ ठेवतं आणि १०५ वाचतं. शून्य खाली लपलंय, गेलेलं नाही, हे कार्ड उचलून दाखवता येतं. चूक होते ती कड जुळवताना: डावीकडून ठेवलं की पाच एकावर बसतात आणि ५०० दिसतात. म्हणून प्रत्येक कार्डाची उजवी कड लाल पेनाने रंगवा. लॅमिनेट करू नका, कार्डं एकमेकांवरून घसरतात.

मणीपाटी आहे, चांगली आहे, पण ती या सगळ्यानंतर. दशकाचा मणी एककाच्या मण्याएवढाच असतो, तो दहापट आहे हे मुलाला आधीच ठाऊक असावं लागतं. खेळण्यातल्या नोटांचंही तेच.

अपूर्णांकांचा डबा मात्र फसवा निघाला. ५१ तुकडे म्हणजे एक पूर्ण चकती आणि २, ३, ४, ५, ६, ८, १०, १२ सारख्या भागांच्या आठ चकत्या. प्रत्येक भागाचा रंग वेगळा. पंधरा दिवसांत मुलं ‘लाल मोठा की पिवळा’ असं बोलू लागतात. पाव, तृतीयांश हे शब्द मागे पडतात. रंग नसता तर पाचवा आणि सहावा भाग त्यांना ओळखू येत नाहीत, कारण ७२ आणि ६० अंशांतला फरक नजरेला कळत नाही. सगळ्यात मोठी उणीव ही की चौथा भाग चारच, त्यामुळे ५/४ हे पाच पाव म्हणून मांडताच येत नाहीत. सव्वा किलो कांदे आणणारं मूल सव्वा ओळखतं आणि त्यातले पाच पाव डबा दाखवू शकत नाही! घ्यायचाच तर दोन डबे घ्या, आणि सगळे तुकडे उलटे करून मागच्या कोऱ्या बाजूने वापरा.

त्याऐवजी कागदी पट्ट्या. लांबी २४ सेंटिमीटर, रुंदी तीन, जाड घोटीव कागद. २४ च का? अर्धी १२, तृतीयांश ८, पाव ६, सहावा ४, आठवा ३, बारावा २. सगळी मापं पूर्ण सेंटिमीटरमध्ये येतात आणि मूल पट्टी लावून पडताळू शकतं. पाचव्या-दहाव्या भागांसाठी २० सेंटिमीटरच्या वेगळ्या पट्ट्या करा, पण त्या २४ च्यांत मिसळू देऊ नका. अर्धी, पाव, आठवा घड्या घालूनच करायचे. तिसऱ्याची घडी मुलांना जमत नाही. त्यासाठी ओळींची वही: पट्टी तिरकी ठेवायची, एक टोक एका ओळीवर, दुसरं टोक तिथून तिसऱ्या ओळीवर, मधल्या दोन ओळी जिथे पट्टीला छेदतात तिथे खुणा. ओळी तेवढ्या नीट दूर नसतील तर सहाव्या ओळीवर टेकवून एकाआड एक खुणा घ्याव्यात.

१/२ + १/३ = २/५ ही चूक पट्ट्यांवर स्वतःच उघडी पडते. १२ सेंटिमीटरपुढे ८ ठेवले की २० होतात, म्हणजे २४ पैकी २०, ५/६. आणि २/५? २४ चे २/५ म्हणजे ९.६ सेंटिमीटर. अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्याहून लहान आलं! हे मुलांना हसवतं, आणि त्यानंतर बेरीज करायच्या आधी ती अंदाज बांधू लागतात. १/८ हा १/४ पेक्षा मोठा म्हणणाऱ्यांना मात्र मापं नकोत, घडी पुरते: जितक्या जास्त घड्या तितका तुकडा बारीक.

शब्दांची एक गंमत गोव्यातच होते. ‘पाव पाव’ म्हणजे काय? पोदेराकडचा, म्हणजे पाववाल्याकडचा, पाव आणि चौथा भाग, दोन्ही एकाच शब्दात. एकदा चार भाग करून दाखवलं की मुलं तो शब्द विसरत नाहीत. ‘वाटा’ शब्दाची मात्र काळजी घ्या. बाजारात मासळीचे वाटे असतात, एक वाटा दुसऱ्याएवढा असेलच असं नाही; अपूर्णांकात ‘समान’ आधी म्हणा, वाटे नंतर. डझन इथे कामी येतो: मानकुराद आंबे डझनावर विकले जातात, आणि १२ चे अर्धे, पाव, तृतीयांश, सहावा भाग सगळे पूर्ण आंब्यांत येतात. एकाच वस्तूचे भाग आणि वस्तूंच्या गटाचे भाग यांतला सांधा इथे जोडता येतो.

मराठीत ‘साडे’ हा शब्द तीनपासून सुरू होतो. मुलं ‘साडेदोन’ म्हणतात, त्यांना अडीच सांगावं लागतं. पावणेदोन तर वजाबाकीच आहे. दोन पूर्ण पट्ट्या ठेवून एकीचा पाव भाग दुमडायचा. जुनी पावकी-निमकी, म्हणजे पाव आणि अर्ध्याचे पाढे, पाठ करून घेण्याची गरज नाही, पण पट्ट्यांचे पावभाग ओळीने लावत ‘चार पाव एक, पाच पाव सव्वा, सहा पाव दीड, सात पाव पावणेदोन’ म्हटलं की ५/४ आणि सव्वा एकच आहेत हे वेगळं शिकवावं लागत नाही.

दशांश अपूर्णांकांसाठी ठोकळे वापरू नयेत असं मत झालं आहे. पाटी म्हणजे शंभर हे डोक्यात पक्कं बसलेलं असताना तिलाच ‘एक’ म्हणायला लावलं की मुलं दोन्हीकडे चाचरतात. पैशांचाही आधार राहिला नाही, दहा पैसे कुणी पाहिलेले नाहीत. शिंप्याची मोजपट्टी बरी: मीटर, दहा सेंटिमीटर, एक सेंटिमीटर.

टिकण्याबद्दल. लाकडी ठोकळे पावसाळ्यात किंचित फुगले, दांडे आणि पाट्यांच्या कडा जुळेनाशा झाल्या, ऑक्टोबरच्या उन्हात पूर्ववत. प्लास्टिकचा संच घेणं इथे शहाणपणाचं. पुठ्ठ्याच्या चकत्या जुलैतच वाकल्या. मोजायला ठेवलेल्या चिंचोक्यांना भोकं पडली. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं नाही तर मागच्या ओलीने बुरशी येते.

सुटे हरवतातच. पिशवीवर संख्या लिहावी आणि तास संपताना मुलांनीच दहा-दहाच्या ओळी लावून मोजून भरावेत. एखादी ओळ नऊवर थांबली की हरवलेला त्याच वेळी शोधता येतो. बहुतेकदा बाकाच्या फटीत सापडतो.