जीएनएल-अ‍ॅगारोज रेझिन: सोसिप ट्रायमरसाठी घ्यावं का?

पाचपैकी साडेतीन. सोसिप ट्रायमर, म्हणजे एचआयव्हीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाची लस-संशोधनासाठी स्थिर केलेली तिहेरी प्रत, सेल कल्चरच्या द्रावातून वेगळी काढायला हे रेझिन (कॉलममध्ये भरायचे मणी) उत्तम आहे, पण पहिल्या टप्प्यापुरतंच. पुरवठादार 'सिंगल स्टेप' म्हणून विकत असेल तर भुलू नका.

जीएनएल म्हणजे स्नोड्रॉपच्या कंदातलं लेक्टिन, साखर धरणारं प्रथिन. ते अ‍ॅगारोजच्या मण्यांवर बसवलेलं असतं आणि मॅनोज ही साखर पकडतं. विषाणूच्या या प्रथिनाचा बाहेरचा भाग म्हणजे जीपी120. त्याचं जवळपास निम्मं वजन साखरेचंच, त्यामुळे बीजी505 सोसिप.664 (सोसिपचा एक नेहमीचा नमुना) लेक्टिनला घट्ट धरतं. कॉनकॅनाव्हॅलिन-ए या दुसऱ्या लेक्टिनला लागतात तसे कॅल्शियम-मँगनीज लागत नाहीत, ही मोठी सोय.

पद्धत सोपी आहे. 293एफ या मानवी पेशींत सोसिप आणि फ्युरिन (प्रथिन कापणारं एन्झाइम) यांचे प्लाझ्मिड (डीएनएची वर्तुळं) 4:1 प्रमाणात घाला, पाच-सहा दिवसांनी द्राव काढा, 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. मग 4 अंशांवर, रात्रभर, अगदी संथ धारेने कॉलममधून सोडा. इथे घाई केली की निम्मा माल न अडकता खाली जातो, म्हणून खाली आलेला द्राव फेकू नका. 0.5 मोलर मीठ घातलेल्या पीबीएस बफरने 280 नॅनोमीटरची (प्रथिन दाखवणारी) रेघ सपाट होईपर्यंत धुवा. उतरवायला 1 मोलर मिथाइल-अल्फा-डी-मॅनोपायरॅनोसाइड. 50 मिलीला 9.7 ग्रॅम लागतं, आणि ही साखर स्वस्त नाही. ती कॉलममध्ये भरून पंधरा-वीस मिनिटं धार बंद ठेवा, नाहीतर प्रथिन लांबलचक शेपटीसारखं उतरत राहतं.

आता दीड गुण का कापले ते. हे रेझिन साखर ओळखतं, आकार नाही. ट्रायमर (तिहेरी), डायमर (दुहेरी), मोनोमर (एकेरी), गुठळ्या, फ्युरिनने न कापलेलं अखंड प्रथिन (जीपी140), शिवाय पेशींची स्वतःची मॅनोजवाली प्रथिनं, सगळी वरात एकत्र उतरते. प्रथिनाच्या साखळीत 501 आणि 605 या जागांवर सिस्टीन घालून बांधलेला डायसल्फाइड, 559 वरचं प्रोलिन, हा सगळा खटाटोप ट्रायमर मिटलेल्या रूपात राहावा म्हणून असतो. त्यात उघडे-वाकडे रेणू मिसळले, तर प्राण्यांची प्रतिकारशक्ती नको त्या भागांमागे धावते. म्हणून पुढे रेणू आकारानुसार वेगळे करणारा सुपरडेक्स 200 कॉलम हवाच. तो 16/600 मापाचा असेल तर 5 मिलीपेक्षा जास्त नमुना भरू नका, आणि त्याआधी साखरेचा चिकट द्राव 100 किलोडाल्टनच्या कॉन्सन्ट्रेटरमध्ये बफर बदलून घ्या.

पण कापलेला आणि न कापलेला ट्रायमर हा कॉलमही वेगळा करत नाही. त्यासाठी जेल चालवा, एक लेन डीटीटीसह (ते डायसल्फाइड तोडतं), एक त्याविना. डीटीटी घातल्यावरही 140 ची पट्टी शिल्लक दिसली तर फ्युरिन कमी पडलं. मग एलायझात, म्हणजे अँटिबॉडी चिकटतो का ते बघणाऱ्या चाचणीत, मिटलेला ट्रायमर ओळखणारा अँटिबॉडी पीजीटी145 जोरात चिकटायला हवा. उघडे रेणू ओळखणारे अँटिबॉडी बी6 आणि एफ105 जवळजवळ नाही. हे दोघे चिकटले तर ती बॅच लसीच्या प्रयोगात वापरू नका.

आणखी एक खोड: लेक्टिन मण्यांवरून थोडं गळतं. ते ट्रायमरच्या मॅनोजवर जाऊन बसलं की मॅनोज ओळखणाऱ्या 2जी12 या अँटिबॉडीचं रीडिंग उगाच कमी येतं आणि दोष प्रथिनाला दिला जातो.

नागपूरकरांसाठी खास. माल बहुधा बाहेरून कुरिअरने येतो, आणि उन्हाळ्यात काळजीपोटी काही पुरवठादार कोरडा बर्फ भरतात. तो नको! अ‍ॅगारोज गोठलं की मणी फुटतात, चुरा फ्रिटमध्ये (कॉलमच्या जाळीत) अडकतो, आणि कॉलम कायमचा मंदावतो. ऑर्डरवरच 'जेल पॅक, 2 ते 8 अंश, गोठवू नये' असं लिहून घ्या. डबा सोमवारी निघेल असं बघा. शुक्रवारचा डबा कार्गोत शनिवार-रविवार पडून राहतो, आणि नवतपा चालू असेल तर विचारूच नका. आल्या आल्या चिमूटभर रेझिन मायक्रोस्कोपखाली बघा: मणी गोल, अखंड दिसायला हवेत. कडा तुटलेल्या असतील तर तिथेच फोटो काढून परत पाठवा.

एकच ट्रायमर वारंवार बनवायचा असेल, तर पीजीटी145 चा कॉलम घरीच तयार करणं परवडतं. तो अँटिबॉडी ट्रायमरचं टोक ओळखतो, त्यामुळे भेसळ फार कमी. फक्त 3 मोलर मॅग्नेशियम क्लोराइडने उतरवलं की लगेच बफरमध्ये पातळ करायचं. पण रोज वेगवेगळे म्युटंट तपासायचे असतील, ज्यांचं टोक पीजीटी145 ला ओळखता येईलच असं नाही, तिथे जीएनएलच घ्या, आणि आधी छोटा पॅक.