वादळानंतरचा कोरा नकाशा : ‘जर्नी नॉर्थ’ या मोनार्क-नोंद सेवेचे परीक्षण

मोनार्क फुलपाखरांच्या स्थलांतराचा मागोवा घेणाऱ्या सेवांमध्ये ‘जर्नी नॉर्थ’चे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. नव्वदच्या दशकात सुरू झालेली ही सेवा कॅनडा, अमेरिका आणि मेक्सिको या तीन देशांतील सर्वसामान्य निरीक्षकांनी कळवलेल्या नोंदी नकाशावर मांडते आणि त्या पाहण्यासाठी कोणाकडूनही शुल्क घेत नाही. शाळकरी मुलांपासून निवृत्त प्राध्यापकांपर्यंत कोणीही नाव नोंदवावे, दिसलेल्या फुलपाखराची तारीख, जागा, संख्या आणि जमल्यास छायाचित्र द्यावे, एवढीच तिची अपेक्षा असते. प्रस्तुत परीक्षण मात्र एकाच प्रश्नापुरते मर्यादित आहे. तीव्र वादळे या स्थलांतराचे काय करतात, हे जाणून घेऊ इच्छिणाऱ्या वाचकाला हा नकाशा कितपत उपयोगी पडतो? माझे उत्तर असे की, वाटेवर असलेल्या फुलपाखरांना वादळ कोठे आणि किती काळ अडवते हे तो उत्तम दाखवतो. वादळात किती फुलपाखरे मेली याविषयी तो जवळजवळ मूक असतो. आणि या दोन गोष्टींची गल्लत करणारा वाचक हमखास चुकीच्या निष्कर्षाला पोहोचतो.

नकाशाची रचना सोपी आहे. वसंत ऋतूत प्रथम दिसलेले प्रौढ फुलपाखरू, पहिले अंडे, पहिला सुरवंट, मिल्कवीड या रुईच्या कुळातील वनस्पतीचा पहिला कोंब, आणि शरद ऋतूत रातथारे (फुलपाखरे रात्री एकत्र विसावतात ती झाडे), अशा निरनिराळ्या नोंदींचे थर स्वतंत्रपणे उघडता येतात. काळानुसार ठिपक्यांचे रंग बदलतात आणि ठिपक्यावर टिचकी मारली की मूळ नोंद समोर येते. मागील वर्षांचे नकाशेही जपून ठेवलेले असल्यामुळे दोन हंगाम शेजारी-शेजारी ठेवून पाहता येतात. मांडणी थोडी जुन्या वळणाची आहे खरी, पण ती वापरताना अडखळायला होत नाही आणि मला तेवढे पुरते.

वादळाच्या अभ्यासकाने यांपैकी रातथाऱ्यांचा थर आधी उघडावा. दक्षिणेकडे निघालेली मोनार्क फुलपाखरे दिवसा एकेकटी उडतात, पण सूर्य कलू लागला की वाऱ्याचा आडोसा असलेली झाडे गाठून एकत्र रात्र काढतात. एखाद्या काळजीपूर्वक लिहिलेल्या नोंदीत झाडाची जात, फुलपाखरे फांदीच्या कोणत्या बाजूला बसली, वारा कोठून होता आणि सकाळी ती किती वाजता उठली, असा सगळा तपशील सापडतो. पंख मिटून लटकलेले फुलपाखरू वाळलेल्या पानासारखे दिसत असल्याने नवख्या निरीक्षकाची संख्या बहुधा कमी भरते. सकाळी ऊन अंगावर आले की पंख उघडतात, थरथरतात आणि मग ती पाच-दहांच्या गटांनी झाड सोडतात. हवेचे तापमान साधारण १३ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर त्यांच्या उड्डाणाच्या स्नायूंना पुरेशी ऊब मिळत नाही आणि ती बसूनच राहतात. पावसात तर उडण्याचा प्रश्नच नसतो. त्यामुळे एकाच झाडावरून सलग तीन-चार दिवस ‘अजून येथेच आहेत’ अशा नोंदी येऊ लागल्या, की त्या भागात प्रतिकूल वारा किंवा पाऊस ठाण मांडून बसला आहे, असे समजण्यास हरकत नसते.

हा थर बोलका ठरण्याचे कारण फुलपाखरांच्या प्रवासाच्या पद्धतीत आहे. अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचा हा जीव दक्षिण कॅनडापासून मध्य मेक्सिकोपर्यंतचे चार हजार किलोमीटरच्या घरातले अंतर केवळ पंख मारून कापू शकत नाही. तो तापलेल्या हवेच्या वर जाणाऱ्या झोतांवर आरूढ होतो आणि उत्तरेकडून येणाऱ्या वाऱ्याचा फायदा घेतो. थंड हवेची आघाडी सरकताना तिच्या पुढच्या तोंडाशी गडगडाटी वादळे असतात आणि ती पुढे निघून गेली की मागे स्वच्छ आकाश व उत्तरेचा वारा येतो. म्हणजे ज्या हवामान-प्रणालीने काल फुलपाखरांना झाडाला खिळवून ठेवले, तीच उद्या त्यांना पुढे ढकलते. न्यू जर्सीतील केप मे किंवा ईरी सरोवरात घुसलेले ऑन्टारिओतील पॉइंट पेली ही भूशिरे याच कारणाने निरीक्षकांची आवडती आहेत. समोर पाणी आणि वारा विरुद्ध असला की फुलपाखरे तेथे साठतात आणि वारा फिरताच एका सकाळी निघून जातात. हवामान खात्याचा वाऱ्याचा नकाशा शेजारी उघडा ठेवून ‘जर्नी नॉर्थ’चे ठिपके दिवसागणिक पाहिले, तर हे साठणे आणि सुटणे अगदी स्पष्ट दिसते. त्या दृष्टीने या सेवेला मी मोकळ्या मनाने पूर्ण गुण देतो.

चक्रीवादळांच्या बाबतीत मात्र गुण कापावे लागतात. अटलांटिकमधील चक्रीवादळांचा हंगाम जूनपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत चालतो आणि मोनार्कांचे शरद स्थलांतर त्याच्या उत्तरार्धात येते. १० ऑक्टोबर २०१८ रोजी ‘मायकेल’ हे चक्रीवादळ फ्लोरिडाच्या वायव्य किनाऱ्यावर मेक्सिको बीचजवळ धडकले, ते नेमके या किनाऱ्यावरील सेंट मार्क्स अभयारण्यात मोनार्क मोठ्या संख्येने जमण्याचे दिवस होते. अशा आपत्तीत किनाऱ्यावरची माणसे घरे सोडून गेलेली असतात, वीज नसते, रस्ते बंद असतात. मग नकाशावर त्या पट्ट्यात ठिपके न दिसणे म्हणजे फुलपाखरे नाहीत, की पाहणारे नाहीत? नकाशा याचे उत्तर देत नाही, कारण तो फुलपाखरांचा जितका आहे तितकाच पाहणाऱ्या माणसांचाही आहे. ‘पाहिले, पण एकही दिसले नाही’ अशा नोंदींना ठिपक्यांइतके ठळक स्थान असते, तर हा दोष बराच कमी झाला असता. शिवाय चक्रीवादळाचा परिणाम एकाच दिशेचा नसतो. फांद्या मोडतात, किनाऱ्यावरची मकरंद देणारी झुडपे खाऱ्या पाण्याने करपतात, वाटेवरची फुलपाखरे भरकटतात; पण तेच वादळ जमिनीवर येऊन विरताना कोरड्या टेक्ससमध्ये पाऊस पाडून गेले, तर मागून येणाऱ्या थव्यांना फुले मिळतात आणि ती चरबी साठवून मेक्सिकोत पोहोचतात. भरकटण्याचे टोकाचे उदाहरण अटलांटिकपलीकडे पाहायला मिळते : जोरदार पश्चिमी वाऱ्यांच्या काही शरद ऋतूंत, विशेषतः १९९९ मध्ये, ब्रिटनच्या नैर्ऋत्य टोकाला मोनार्क आढळली होती.

वसंत ऋतूतील ‘प्रथम दर्शना’चा थर लोकप्रिय असला तरी वादळाच्या प्रश्नाला तो जवळपास निरुपयोगी आहे. मार्चमध्ये मेक्सिकोहून परतलेल्या माद्या टेक्सस आणि आसपासच्या राज्यांत कोवळ्या मिल्कवीडवर अंडी घालतात. त्याच सुमारास गारपीट झाली किंवा उशिराची कडाक्याची थंडी आली, तर कोंब झोडपले जातात आणि त्यांच्यावरची अंडी व सुरवंटही जातात. पण त्या गावात पहिले फुलपाखरू वादळाआधीच दिसून गेलेले असते. त्याचा ठिपका उमटलेला असतो आणि नंतर निम्मी पिढी नष्ट झाली तरी तो जागचा हलत नाही. पहिल्या पाहुण्याच्या नोंदीवरून पंगतीला किती जण होते हे कळणार कसे?

खरा संहार जेथे होतो, तेथे तर हा नकाशा जवळजवळ रिकामाच असतो. रॉकी पर्वताच्या पूर्वेकडील बहुतेक सगळी मोनार्क फुलपाखरे हिवाळ्यासाठी मेक्सिकोच्या मिचोआकान आणि मेक्सिको या दोन राज्यांतील, सुमारे ३,००० मीटर उंचीवरच्या ओयामेल फरच्या वनांत गोळा होतात. एल रोसारिओ, सिएर्रा चिंकुआ, सेर्रो पेलोन ही तेथील प्रसिद्ध ठिकाणे. हा प्रदेश २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पूर्वेकडच्या फुलपाखरांची जवळजवळ सगळी संख्या काही हेक्टरांत एकवटलेली असते, आणि म्हणून एकच वादळ तिच्यातला मोठा हिस्सा घेऊन जाऊ शकते. १२ ते १६ जानेवारी २००२ या काळात आधी पाऊस आणि पाठोपाठ कडक थंडी पडली, तेव्हा सिएर्रा चिंकुआतील सुमारे ७४ टक्के आणि एल रोसारिओतील सुमारे ८० टक्के फुलपाखरे मेल्याचा अंदाज मोनार्कांचे अभ्यासक लिंकन ब्राउअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. झाडांखाली मृत फुलपाखरांचे थर साचले होते.

पाऊस आणि थंडीचा क्रम येथे निर्णायक ठरतो. प्रयोगांत असे दिसून आले आहे की, निम्मी फुलपाखरे गोठून मरण्यासाठी ती कोरडी असतील तर तापमान उणे ८ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरावे लागते, पण अंगावर पाणी असेल तर उणे ४ अंशांच्या सुमारासच ती वेळ येते. वादळाने जमिनीवर पाडलेले आणि गारठल्यामुळे उडू न शकणारे फुलपाखरू संध्याकाळ होण्याआधी रांगत एखाद्या झुडपावर चढू पाहते, कारण जमिनीलगतची हवा सर्वांत थंड असते. हातभर उंचीचा फरकही जीव वाचवू शकतो. ब्राउअर या वनाला फुलपाखरांचे पांघरूण आणि छत्री म्हणत असत. दाट छत्राखाली रात्रीची ऊब टिकते आणि पाऊस थेट अंगावर पडत नाही. झाडे तोडली गेली की पांघरुणाला भोके पडतात. मार्च २०१६ च्या वादळात तर वाऱ्याने असंख्य झाडेच उन्मळून पडली, म्हणजे त्या हिवाळ्यातील फुलपाखरांबरोबर पुढच्या हिवाळ्यांचे छप्परही गेले. ‘जर्नी नॉर्थ’ हिवाळ्यात अभयारण्यांच्या परिसरातील वार्ता प्रसिद्ध करते आणि त्या वाचनीय असतात, पण त्या वार्ता आहेत, मोजमाप नव्हे.

मोजमाप हवे असेल तर या वनांत हिवाळा काढणाऱ्या फुलपाखरांच्या वसाहतींनी व्यापलेल्या क्षेत्राचे वार्षिक आकडे पाहावे लागतात. १९९६-९७ मध्ये ते १८ हेक्टरांहून अधिक होते, २०१३-१४ मध्ये ०.६७ हेक्टर, २०२३-२४ मध्ये ०.९० आणि २०२४-२५ मध्ये १.७९. पण या आकड्यांतही एक मेख आहे. ही मोजणी मुख्यतः डिसेंबरमध्ये होते, तर घातक वादळे बहुधा जानेवारी ते मार्चमध्ये येतात. वादळाचा फटका त्या वर्षीच्या आकड्यात दिसतच नाही आणि पुढच्या वर्षीच्या आकड्यात उन्हाळ्यातील प्रजननाची, मिल्कवीडची आणि दुष्काळाची सरमिसळ झालेली असते. २००१-०२ मध्ये वसाहतींचे क्षेत्र नऊ हेक्टरांहून थोडे अधिक होते. जानेवारीतील त्या प्रचंड हानीनंतरही २००२-०३ मध्ये ते साडेसात हेक्टरांच्या आसपास राहिले. उरलेल्यांनी अनुकूल उन्हाळ्यात भराभर पिढ्या वाढवल्या, असाच त्याचा अर्थ लावावा लागतो. म्हणून ‘एका वादळाने मोनार्क संपले’ ही बातमी मी संशयानेच वाचतो. धोका खरा आहे तो नऊऐवजी एक हेक्टर उरलेला असताना २००२ सारखे वादळ येण्यात, कारण तेव्हा पुन्हा उभे राहण्यासाठी लागणारे भांडवलच नसेल.

या सेवेची इतरांशी तुलना करताना कॅन्सस विद्यापीठातून १९९२ मध्ये सुरू झालेल्या ‘मोनार्क वॉच’चा उल्लेख टाळता येत नाही. या उपक्रमात फुलपाखराच्या मागच्या पंखावर चिकटवलेली क्रमांकाची चकती मेक्सिकोत पुन्हा सापडली, तर ते फुलपाखरू कोठून निघाले आणि पोहोचले हे निश्चित कळते. मधल्या वाटेवर त्याने वादळ कोठे काढले हे चकती सांगत नाही. ती जागा ‘जर्नी नॉर्थ’चे रातथारे भरून काढतात. हवामानाच्या रडारवरही क्वचित मोठे थवे उमटतात. सप्टेंबर २०१४ मध्ये सेंट लुईस येथील रडारवर दिसलेला विचित्र आकाराचा ढग मोनार्कांचा असल्याचे तेथील हवामान कार्यालयाने म्हटले होते. परंतु अशा योगायोगावर अभ्यास उभा राहत नाही.

तेव्हा ही सेवा कोणी वापरावी? शरद ऋतूत उत्तर अमेरिकेतील वाऱ्यांबरोबर फुलपाखरांची हालचाल समजून घ्यायची असेल, विद्यार्थ्यांना हवामान आणि प्राणिजीवन यांचा संबंध प्रत्यक्ष दाखवायचा असेल, किंवा एखाद्या वादळापूर्वीच्या आणि नंतरच्या दोन आठवड्यांची तुलना करायची असेल, तर तिच्याइतके हाताशी असलेले साधन दुसरे नाही. वादळातील मृत्यूंचा हिशेब मांडायचा असेल, तर तिच्याकडे जाऊ नये. जे निरीक्षक स्वतः नोंदी पाठवतात, त्यांना एक विनंती करावीशी वाटते : नेहमीच्या रातथाऱ्याचे झाड वादळानंतर रिकामे दिसले, तर तारीख, तापमान आणि वाऱ्याची दिशा देऊन ते रिकामेपणही टिप्पणीत लिहावे. सेवेच्या चालकांनी अशा नोंदींसाठी नकाशावर स्वतंत्र खूण दिली, तर माझ्या मनातील तिचे अडलेले गुणही मी देऊन टाकीन.