१६ जीबी दिसले म्हणून मी गप्प बसले

लॅपटॉप मंद झाला होता. रॅम (चालू कामासाठीची मेमरी) ८ जीबीची १६ करायची आणि २५६ जीबीच्या एसएसडीच्या (फाइल्स साठवणाऱ्या ड्राइव्हच्या) जागी १ टीबीची बसवायची, एवढंच काम होतं. दुरुस्तीवाल्याकडे सकाळी दिला, संध्याकाळी घेऊन आले. त्याने माझ्यासमोर चालू करून दाखवला: रॅम १६ जीबी, ड्राइव्ह १ टीबी, सगळ्या फाइल्स जागच्या जागी. मी पैसे दिले, वर आभारही मानले. पुढचे पाच महिने मला कसलीही शंका आली नाही. आपण जे दोन आकडे बघतो, ते बरोबर ठेवूनच ही फसवणूक केली जाते, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

कळलं ते एका उंचवट्यामुळे. टचपॅडच्या उजवीकडे, तळहात टेकतो तिथे, टाचणीच्या डोक्याएवढा फुगवटा आला होता. आधी वाटलं, बॅटरी फुगली. तसं असतं तर मी हात लावला नसता. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला तर अजिबात लावायची नाही. पण बॅटरी फुगली की टचपॅड किंवा कीबोर्डचा मोठा भाग वर येतो. इथे एकच ठिपका होता, आतून काहीतरी टोचत असल्यासारखा.

लॅपटॉप देताना तो म्हणाला होता, "ताई, घरी उघडायच्या फंदात पडू नका. एक क्लिप तुटली की अख्खा मदरबोर्ड गेला." मी ते खरं मानलं होतं. क्लिप तुटली तर झाकणाची एक कड जरा सैल राहते. मदरबोर्डला काही होत नाही. हे मला तेव्हा माहीत असतं, तर मी निदान समोर बसून राहिले असते. त्या भीतीपोटीच मी लॅपटॉप दिवसभर त्याच्या हवाली केला.

कंपनीच्या साइटवर माझ्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल फुकट मिळालं. डेल, एचपी, लेनोवो या कंपन्या अशी मॅन्युअल लोकांसाठी खुली ठेवतात; कुठला स्क्रू कुठे, किती लांबीचा, कुठली वायर आधी काढायची, सगळं चित्रांसकट असतं. ते दोनदा वाचून मी बसले. शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन केलं, कारण नेहमीच्या शट डाउनमध्ये विंडोज बऱ्याचदा पूर्ण बंद होत नाही. चार्जर काढला, पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरलं. एका कागदावर लॅपटॉपची आकृती काढली आणि निघेल तो स्क्रू त्या-त्या जागी कागदात खोचत गेले.

तिथेच पहिला पुरावा हातात आला. मॅन्युअलप्रमाणे पुढच्या काठाचे तीन स्क्रू आखूड, मागचे सात लांब. माझ्या पुढच्या काठाला एक लांब स्क्रू होता. त्याचंच टोक वरच्या पत्र्याला आतून ढकलत होतं. शेजारच्या दोन स्क्रूंच्या खाचा गोल झालेल्या, म्हणजे चुकीच्या मापाचा स्क्रूड्रायव्हर जोर देऊन फिरवलेला. घाईत, बेफिकिरीने केलेलं काम होतं ते.

झाकण बिजागरीच्या बाजूने प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने सोडवलं. सुरी किंवा लोखंडी पट्टी कधीही घालू नका. निसटली तर थेट बोर्डावर जाते. क्लिपा टक् टक् सुटत गेल्या तशी धडधड वाढत होती, पण तो आवाज बरोबरच असतो. आत हात घालण्याआधी एका मोठ्या उघड्या धातूच्या वस्तूला स्पर्श केला. अंगातल्या स्थिर विजेचा चटका आपल्याला साधारण ३,००० व्होल्टच्या पुढे जाणवतो. चिप त्याच्या कितीतरी खाली बिघडू शकते, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. मग सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला, वायर न ओढता, कनेक्टरच्या कडांना धरून.

आता आत काय होतं ते सांगते.

रॅमच्या दोन पट्ट्या, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या, दोन्हींवर पीसी४-२४०० छापलेलं, म्हणजे वेग २४०० चा. माझी मूळची ८ जीबीची पट्टी ३२०० ची होती, खोक्यावर तसं लिहिलेलं आहे. शेजारची खाच रिकामी होती, तिथे फक्त एक नवी पट्टी लागणार होती. त्याने माझी चांगली पट्टी काढून घेतली आणि दोन जुन्या, संथ पट्ट्या बसवल्या. आठ आणि आठ सोळाच. म्हणून स्क्रीनवर काही चुकलेलं दिसत नव्हतं.

एसएसडीवर चकचकीत नवं स्टिकर, पण किंचित वाकडं, आणि त्याच्या कडेखालून जुन्या लेबलची पांढरी कड डोकावत होती. नखाने उचललं तर खाली वेगळंच नाव. सोनेरी टोकाला दोन खाचा होत्या. माझी मूळची एनव्हीएमई, म्हणजे वेगवान प्रकारची एसएसडी होती, तिला एकच खाच असते. दोन खाचांची बहुतेक वेळा साटा, म्हणजे जुन्या, संथ प्रकारची निघते. दोन्हींचा आकार तोच, माझ्या लॅपटॉपच्या स्लॉटमध्ये दोन्ही चालतात, पण साटा सेकंदाला जेमतेम ५५० एमबीपर्यंत जाते आणि चांगली एनव्हीएमई त्याच्या पाच-सहा पट. मी बिल दिलं होतं नव्या एनव्हीएमईचं.

सगळ्याचे फोटो काढले, बंद केलं, चालू केला आणि मग सॉफ्टवेअरने खात्री केली. क्रिस्टलडिस्कइन्फो या ड्राइव्ह तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'पॉवर ऑन अवर्स' नावाची ओळ असते, ड्राइव्ह आजवर किती तास चालली ते सांगणारी. माझी 'नवी' एसएसडी ११,००० तासांच्या पुढे होती. पाच महिने अहोरात्र लॅपटॉप चालू ठेवला असता तरी ३,७०० च्या आत भरले असते. सीपीयू-झी या आतल्या भागांची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या एसपीडी टॅबमध्ये रॅम कुठल्या आठवड्यात बनली तेही दिसतं: दोन्ही पट्ट्या २०१६ च्या. लॅपटॉप मी २०२१ मध्ये घेतलेला.

ही तपासणी दहा मिनिटांची आहे आणि त्यासाठी एकही स्क्रू काढावा लागत नाही. पैसे देण्याआधी, तिथेच उभं राहून ती करता आली असती, हे मला फार लागतं.

मी फोटो घेऊन गेले. तो शांतपणे म्हणाला, "ताई, मी दिला तेव्हा नवाच माल होता. नंतर तुम्ही कुठे उघडला असेल, मला काय माहीत?" मी विचारलं, "आणि दादा, माझी जुनी एसएसडी?" "ती खराब झाली होती, टाकून दिली." खराब ड्राइव्हवरून त्याने माझी प्रत्येक फाइल नव्या ड्राइव्हवर कशी उतरवली, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. पण माझ्याकडेही काही नव्हतं. बिलावर फक्त 'रॅम, एसएसडी अपग्रेड' लिहिलेलं. ना कंपनी, ना सिरियल नंबर. लॅपटॉप देण्याआधी आतल्या भागांचा एक फोटो जरी काढून ठेवला असता, किमान सीपीयू-झीचा स्क्रीनशॉट, तरी बोलायला जागा राहिली असती. काम सुरू होण्याआधीच 'जुने पार्ट मला परत हवेत' असं सांगून तसं लिहून घ्या. नंतर मागितले की ते टाकून दिलेलेच असतात.

रॅमचं नुकसान मी सोसलं, नव्या पट्ट्या स्वतः बसवल्या. साधारण तीस अंशांत तिरकी आत सरकवायची, मग खाली दाबायची, दोन्ही बाजूंच्या क्लिपा आपोआप लागतात. मुलांना दाखवण्याइतकं सोपं काम. एनव्हीएमईही बसवली आणि सिरियल नंबर वहीत उतरवून ठेवले.

जुन्या एसएसडीचं मात्र काही करता आलं नाही. तिच्यावरचा डेटा कुलूपबंद (एन्क्रिप्टेड) नव्हता, म्हणजे ती दुसऱ्या मशीनला लावली की पासवर्डशिवाय सगळं उघडतं. बिटलॉकर, म्हणजे विंडोजमधलं ड्राइव्ह कुलूपबंद करणारं साधन, चालू करून, त्याची रिकव्हरी की (कुलूप उघडणारा आकडा) घरी ठेवून मग लॅपटॉप दिला असता, तर ती त्याच्या हातात नुसती पट्टी राहिली असती. त्याच दिवशी बँकेपासून ईमेलपर्यंत सगळे पासवर्ड बदलले, ब्राउझरमध्ये साठवलेले एकेक करून काढले. काय काय त्या ड्राइव्हवर होतं याची यादी करते आहे. ओळखपत्रांचे स्कॅन, घराचा करार, बाबांचे दवाखान्याचे कागद. काल रात्री आणखी एक आठवलं: फॉर्म भरायला सोयीची पडते म्हणून पांढऱ्या कागदावर करून स्कॅन केलेली माझी सही.