थायरॉइडची गोळी चालू, तरी अंग जड: फॅमिली डॉक्टर की एंडोक्रायनॉलॉजिस्ट?

गोळी रोज पोटात जाते, रिपोर्ट 'ठीक' येतो, आणि तरी दुपारी तीन वाजता खुर्चीत बसल्या बसल्या डोळे मिटतात. असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. गोळी सुरू होऊन जेमतेम महिना झालेल्यांनी मात्र थोडा धीर धरावा. लेव्होथायरॉक्सिन (आपल्या त्या रोजच्या गोळीतलं औषध) रक्तात स्थिरावायला सहा आठवडे लागतात. तोवर मोठ्यात मोठ्या डॉक्टरकडे गेलात तरी 'थांबा' असंच उत्तर मिळेल.

मी वाईचा. आमच्याकडे पर्याय दोनच: वर्षानुवर्षांचे फॅमिली डॉक्टर, नाहीतर खंबाटकी घाट ओलांडून पुण्याचे एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हॉर्मोनच्या आजारांचे तज्ज्ञ. दोन्हींकडे जाऊन आलोय. कुठे झुकलोय ते पुढे कळेलच, पण फॅमिली डॉक्टरांची बाजू मला हलकी करायची नाही.

मुळात हा दुर्मीळ आजार नाही. भारतातल्या आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दहातल्या साधारण एका प्रौढाला थायरॉइड कमी असल्याचं दिसलं होतं. एवढे सगळे लोक एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे गेले तर त्यांचे दवाखाने पुरायचे नाहीत, आणि बहुतेकांना तिथे जायची गरजही नसते. एक गोळी, वर्षातून एकदा रक्त, संपलं. हे काम चांगला फॅमिली डॉक्टर डोळे मिटून करतो. वर त्याला आपलं घर माहीत असतं. माझ्या वडिलांची अँजिओप्लास्टी झालेली आहे हे आमच्या डॉक्टरांना सांगावं लागलं नाही; आईची गोळी सुरू करतानाही तिचं वय आणि हृदय बघून त्यांनी २५ मायक्रोग्रॅमपासूनच सुरुवात केली, आणि ते अगदी बरोबर होतं. डोस एकदम वाढवला तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात आणि जास्त डोस वर्षानुवर्षं चालला तर हाडं ठिसूळ होतात. ही भीती त्यांना आहे आणि ती असायलाच हवी. फी दीडशे रुपये, फोन उचलतात, रविवारीही भेटतात. आयुष्यभर घ्यायच्या गोळीच्या बाबतीत ही जवळीक फार मोलाची.

मग बिनसलं कुठे? एका बारीक गोष्टीवरून. लॅबच्या रिपोर्टमध्ये मर्यादेबाहेरचा आकडा ठळक अक्षरात छापलेला असतो. आमच्या डॉक्टरांची नजर कागदाच्या वरच्या टोकापासून खालपर्यंत ठळक अक्षर शोधत जाते. ते दिसलं नाही की कागदाची घडी होते आणि 'तीच गोळी चालू ठेवा'. माझा टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं पिच्युटरीचं हॉर्मोन; थायरॉइड कमी पडलं की सहसा हा आकडा चढतो) ५.१ होता. त्या लॅबची वरची मर्यादा ५.५, म्हणून तो आकडा साध्या अक्षरात छापला गेला. गावातल्याच दुसऱ्या लॅबची मर्यादा ४.२ आहे. तिथे रक्त दिलं असतं तर हेच ५.१ ठळक आलं असतं आणि माझी गोळी त्याच दिवशी वाढली असती. म्हणजे माझा डोस लॅबचं मशीन ठरवत होतं. हे एकदा डोक्यात शिरल्यावर मला दवाखान्यातल्या त्या बाकड्यावर बसवेना.

बरं, मी गप्पही बसलो नव्हतो. ऐन एप्रिलात पंखा नको वाटतो, पोट साफ होत नाही, आवाज घोगरा झालाय, फोनवर लोक विचारतात सर्दी झाली का, हे सगळं सांगितलं होतं. त्यावर 'वय झालं आता, चाळिशी उलटली', 'थोडं चालत जा', आणि एकदा हसत हसत 'थायरॉइड तर बायकांना जास्त होतो'. होतो जास्त, खरंय. पण मलाही झालाय ना.

त्यात माझं वजन ७८ किलो आणि गोळी ५० ची. थायरॉइडची ग्रंथी जवळपास बंदच पडली असेल तर किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम असा ढोबळ हिशेब असतो, म्हणजे माझ्या वजनाला सव्वाशेच्या आसपास. ग्रंथी थोडीफार चालत असेल तर कमी डोसवरही भागतं, त्यामुळे ५० चुकीचीच होती असं मी म्हणत नाही. पण सुरू झाल्यापासून तो आकडा कुणी पुन्हा तपासलाच नव्हता.

पुण्यातला अनुभव काही स्वर्गीय नव्हता, हेही आधीच सांगतो. अकराची वेळ, नंबर लागला दीड वाजता. फी हजार-बाराशे, वर तपासण्या, स्वारगेटपर्यंत एसटी, तिथून रिक्षा, कामावरची रजा. बाहेर बसलेल्यांत निम्मे तरी मधुमेहाचे होते, आणि डॉक्टरांना माझं नावही धड आठवत नव्हतं. आपुलकी हवी असेल तर घाट उतरून परत या.

पण आत गेल्यावर त्यांनी रिपोर्टला हातच लावला नाही. आधी प्रश्न. गोळी किती वाजता? चहा त्यानंतर किती वेळाने? कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू आहे का, असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर आहे का? केसांसाठी काही घेता का? (केसांच्या बहुतेक गोळ्यांत बायोटिन नावाचं जीवनसत्त्व असतं. काही मशीनवर त्यामुळे टीएसएच खोटाच कमी दिसतो, म्हणून तपासणीआधी दोन दिवस ते बंद ठेवायला सांगतात.) अ‍ॅसिडिटीचं औषध? ते होतं. पँटोप्रॅझोल, रोज सकाळी, कितीतरी दिवसांपासून, आणि तेही गावाकडच्या त्याच दवाखान्यातून. पोटातलं आम्ल कमी झालं की लेव्होथायरॉक्सिन नीट विरघळत नाही आणि शोषणही कमी होतं. दोन्ही औषधं एकाच केसपेपरवर एकाखाली एक लिहिलेली होती.

मग गळ्याला हात लावून पाहिलं, घोट्यामागे छोटी हातोडी मारून पाऊल किती सावकाश मागे येतं ते पाहिलं. तपासण्याही मोजक्याच लिहिल्या: टीएसएचसोबत फ्री टी-४ (रक्तातलं थायरॉइडचंच हॉर्मोन), टीपीओ अँटिबॉडी (थायरॉइडवर उलटणारी प्रतिद्रव्यं) एकदाच, हिमोग्लोबिन आणि बी-१२. अँटिबॉडी भरपूर निघाल्या, म्हणजे हाशिमोटोचा प्रकार. शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर उलटतं तो. १९१२ मध्ये हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरने तो पहिल्यांदा वर्णन केला. उपचार त्याने बदलत नाही, गोळी तीच. पण ग्रंथी पुढे आणखी मंदावत जाण्याची शक्यता असते, त्यामुळे आज पुरणारा डोस उद्या पुरेलच असं नाही, एवढं कळलं.

माझ्या दृष्टीने पारडं फिरलं ते त्यांनी शेवटी लिहून दिलेल्या चार ओळींनी. गोळी ७५. टीएसएच १ ते २.५ च्या दरम्यान हवा. पुन्हा रक्त आठ आठवड्यांनी, त्याच लॅबमध्ये, सकाळी, गोळी घेण्याआधी. पँटोप्रॅझोल हळूहळू बंद. लॅबची मर्यादा काहीही असो, माझ्यासाठी काय असायला हवं ते पहिल्यांदाच कुणीतरी कागदावर लिहिलं होतं. वेळेचं बंधनही उगाच नाही. टीएसएच पहाटे चढलेला आणि दुपारी उतरलेला असतो, त्यामुळे एकदा सकाळी आणि एकदा चारला रक्त देऊन दोन आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

आता इथे सबुरीने घ्यायला हवं. १ ते २.५ हाच पट्टा हवा यावर तज्ज्ञांचंही एकमत नाही. गोळीवर असलेल्या प्रौढाचा टीएसएच साधारण ०.४ ते ४ मध्ये असावा असं मार्गदर्शक सूचना म्हणतात, आणि सत्तरी ओलांडलेल्यांना ४ ते ६ सुद्धा चालतो. आईचा ५.१ आला असता तर मी कुठेच धावलो नसतो. शिवाय मला जे बरं वाटलं ते सगळं थायरॉइडच्या खात्यात टाकता येणार नाही. बी-१२ बऱ्यापैकी कमी निघालं होतं, त्याची इंजेक्शनं सोबतच सुरू झाली. थंडी वाजणं, पोट आणि आवाज हे गोळी वाढवल्यावर सुधारलं असं मला वाटतं. दुपारची झोप कशाने गेली ते देव जाणे. वजन म्हणाल तर पोटाचा घेर जवळपास होता तिथेच आहे. डॉक्टरांनीही स्पष्ट सांगितलं होतं की थायरॉइडमुळे चढलेलं वजन थोडंच असतं, बाकीचं आपलं आपण कमावलेलं.

तर निवड कशी करावी? माझं मत असं. टीएसएच स्थिर असेल, अंगात तरतरी असेल, तर फॅमिली डॉक्टर सोडू नका. विनाकारण पैसे आणि दिवस घालवाल. पण लक्षणं तशीच राहून फक्त 'रिपोर्ट चांगला आहे' असं ऐकायला मिळत असेल, किंवा आकडा दर वेळी वरखाली उड्या मारत असेल, तर एकदा तरी एंडोक्रायनॉलॉजिस्ट गाठा. त्यांच्याकडे कायमचं जायची गरज नाही. मी आता रक्त वाईतच देतो, फॅमिली डॉक्टरांना ती चार ओळींची चिठ्ठी दाखवतो, आणि ते त्याप्रमाणे बघतात. त्यांना राग आला नाही. उलट चिठ्ठीची झेरॉक्स त्यांनी फाइलला लावून घेतली.

काही जणांनी तर घुटमळूच नये. दिवस राहिलेल्या किंवा राहावेत असं वाटणाऱ्या बायकांचा डोस लवकर वाढवावा लागतो, तिथे पुढच्या वर्षीच्या तपासणीची वाट बघू नका, पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांच्या कानावर घाला. थायरॉइडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्यांचा हिशेबच वेगळा. आणि एक गोष्ट फक्त टीएसएच बघणाऱ्यांच्या नजरेतून हमखास सुटते: बाळंतपणात फार रक्तस्राव झाला, नंतर दूध आलं नाही, पाळी परतली नाही आणि थकवा जात नाही, तर दोष मेंदूखालच्या पिच्युटरी ग्रंथीत असू शकतो. तिथे टीएसएच साळसूदपणे मर्यादेत दिसतो आणि कमी असतो तो फ्री टी-४.

पाटी वाचताना जरा जपून. 'डायबेटिस व थायरॉइड' असं लिहिलंय म्हणून आत एंडोक्रायनॉलॉजिस्ट असेलच असं नाही. एमडीनंतर तीन वर्षांचं डीएम एंडोक्रायनॉलॉजी किंवा त्याच विषयातलं डीएनबी (आता डीआरएनबी) आहे का ते नावापुढे बघा. खासगी फी जड जात असेल आणि मुंबई जवळ असेल तर परळच्या केईएमला एंडोक्रायनॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे. केसपेपर नाममात्र पैशांत निघतो, रांगेची तयारी मात्र ठेवून जा.

जायचं ठरलंच तर दोन कामं आधी उरका. जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा, नुसता शेवटचा नेऊ नका, आणि चालू असलेली प्रत्येक गोळी, अगदी मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेली सुद्धा, पिशवीत टाका. निघायच्या तीन-चार दिवस आधी टीएसएच आणि फ्री टी-४ आपल्या गावात करून घ्या, म्हणजे डॉक्टर पहिल्याच भेटीत डोस बदलू शकतील आणि नुसता रिपोर्ट दाखवायला पुन्हा घाट चढावा लागणार नाही.