तडकलेला कस्टम एक्झॉस्ट: टाके मारायचे की पाइप नव्याने आखायचा?

थंड इंजिनाला टिकटिक, गरम झालं की गप्प. माझ्या बनवून घेतलेल्या हेडरचा, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या चार नळ्यांच्या जुडग्याचा, हा आवाज मी महिनाभर व्हॉल्व्हचा समजत होतो. धातू तापून फुगला की चीर मिटते आणि आवाज बंद होतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. शेवटी खाली टॉर्च मारली, तर कलेक्टरजवळ (त्या नळ्या एकत्र येतात तिथे), वेल्डिंगच्या टाक्याच्या अगदी कडेला, केसासारखी रेघ आणि तिच्याभोवती काजळी.

त्या जागी दोनदा वेल्डिंग करून घेतलं. दोन्ही वेळा नवा तडा गेला तो जुन्या टाक्याला लागूनच, बोटभर अंतरावर. तिसऱ्यांदा मात्र पाइप कापला. म्हणून कोणी विचारलं की पैसे कशावर घालू, तर मी आधी एकच विचारतो: तडा नेमका कुठे गेलाय?

टाकाच मधोमध फाटला असेल तर बहुतेक वेळा वेल्डिंग कच्चं असतं. दगड लागून पाइप चेपला किंवा पाइप टांगून धरणाऱ्या हँगरचं रबर तुटून सगळा भार एका जॉइंटवर आला, तर कारण बाहेरचं. या दोन्ही प्रकारांत दुरुस्तीच बरी. नवं डिझाइन म्हणजे उगाच खर्च. पण टाका शाबूत आणि शेजारचा पत्रा फाटलाय, तोही दुसऱ्यांदा, तर दोष बहुधा आखणीत आहे. पाइपला फुगायला किंवा हलायला जागाच ठेवलेली नाही.

ही जागा किती लागते? 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा मीटरभर पाइप 500 अंश सेल्सिअसने तापला की साधारण 9 मिलिमीटर लांबतो. साधं लोखंड त्याहून कमी लांबतं. चार नळ्या सारख्या तापत नाहीत, त्यामुळे प्रत्येक वेगळी ढकलते आणि कलेक्टर मधे पिळला जातो. त्यात इंजिन रबरी माउंटिंगवर डुलतं आणि पाइपचं दुसरं टोक बॉडीला घट्ट बांधलेलं. कुठेतरी फाटणारच.

दुरुस्तीची बाजू सरळ आहे. वेळ कमी लागतो, फिटिंग बदलत नाही, ट्यूनिंगला हात लागत नाही. पण ती नीट व्हायला हवी: चिरेच्या दोन्ही टोकांना 3 मिलिमीटरचं भोक, म्हणजे ती पुढे सरकत नाही; मग ग्राइंडरने खाच, काजळी पूर्ण साफ, आणि टिग वेल्डिंग (आर्गॉन गॅसच्या आडोशात, वेगळी तार भरत केलेलं). 304 ला 304 जोडायचं तर 308एल तार, स्टेनलेसला साधं लोखंड जोडायचं तर 309एल. पाइपच्या आतून आर्गॉन सोडला नाही तर टाक्याची मागची बाजू जळून साखरेसारखी खरखरीत होते, आणि पुढचा तडा तिथूनच निघू शकतो. कारागिराला आधी हेच विचारा. ‘आतून गॅस कशाला?’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे जा.

पट्टी ठोकून मजबुती द्यायचा सल्लाही हमखास मिळतो. मी तो एकदा ऐकला. पट्टीखालचा भाग ताठ झाला आणि तडा पट्टीच्या कडेला गेला. क्लॅम्प, पेस्ट वगैरे गाडी घरी आणण्यापुरतं.

नव्याने आखण्यात काम मोठं. गाडी दिवसचे दिवस उभी राहते, स्टिअरिंग आणि चेसिसपासून अंतर पुन्हा मोजावं लागतं, नळ्यांची लांबी बदलली तर ट्यूनिंग परत, आणि आवाज-धुराच्या नियमांत बसतंय का तेही बघावं लागतं. बदल्यात मूळ कारण जातं. इंजिन आडवं असेल तर ते पुढे-मागे डुलतं, तिथे फ्लेक्स पाइप (वाकू शकणारा लवचीक तुकडा) हवाच. मात्र फ्लेक्स वाकतो, पिळ सहन करत नाही; चुकीच्या दिशेने बसवला तर तोच आधी फाटेल. कलेक्टरला स्प्रिंगचा स्लिप जॉइंट, म्हणजे एकात एक सरकणारा जोड, दिला तर नळ्या आपापल्या फुगतात. थंड असताना तो थोडा गळतो, म्हणून ऑक्सिजन सेन्सरच्या पुढे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, मी तो देणार नाही. तिथे बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी, वाटतं आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) फुकटचं पेट्रोल ओतत बसतो. जाड पाइप घेण्याचा मोह होतो, पण हेडरचं वजन आधाराशिवाय लोंबकळत असेल तर जाडी वाढवून फ्लँजवरचा (इंजिनाला बोल्टने बसणाऱ्या पट्टीवरचा) भारच वाढतो. आधी हँगर.

कधीतरी एकदाच तडकलेल्या, एरवी चांगल्या पाइपला मी टिगचा टाका मारेन. पुन्हा तडकलेल्याला नाही. टर्बोचं वजन पेलणाऱ्या पातळ हेडरला तर पहिल्याच तड्याला ब्रॅकेट आणि नवी आखणी. केबिनमध्ये धुराचा वास येत असेल तर निर्णय होईपर्यंत गाडी चालवू नका. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो.

आणि काहीही निवडलंत तरी पाइप टेबलावर नाही, गाडीवरच फ्लँज आवळून टॅक करा, म्हणजे आधी ठिपक्याठिपक्याने जोडून घ्या. माझ्या पहिल्या हेडरचे बोल्ट पहारीने ओढून बसवले होते. पहिल्या दिवसापासून तो ताणातच होता.