बाल्कनीतलं सुतारकाम की वर्गणीचं वर्कशॉप?

सुतारकामाचा नाद लागला की वर्षभरात हा प्रश्न येतोच. बोहरी आळीत जाऊन एकेक हत्यार घेत सुटायचं, की महिन्याची वर्गणी भरून सामायिक वर्कशॉप गाठायचं? मी पुण्यात दोन्ही करून पाहिलंय.

अशा जागा आपल्याकडे नव्या नाहीत. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात 2002 पासून फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची सामायिक कार्यशाळा, आहे, आणि 2013 साली मुंबईत सुरू झालेलं मेकर्स असायलम आता गोव्यात आहे. मी जातो ती जागा एवढी नावाजलेली नाही. पत्र्याची शेड, एक टेबल सॉ (टेबलात बसवलेली फिरती करवत), एक रंधा मशीन आणि चहाची किटली.

घरी आपली पटाशी आपल्याच हाताची राहते. वर्कशॉपमधलं पातं मात्र सगळ्यांचं, म्हणजे कुणाचंच नाही. कुणीतरी खिळ्यांसकट जुनी फळी कापली आणि पुढच्या माणसाच्या, म्हणजे माझ्या, सागवानी पट्टीला काळे चटके बसले. तेव्हापासून माझं पातं मी पिशवीतून नेतो. शिवाय सुट्टीच्या दिवशी मशीनला रांग लागते, ते वेगळंच.

तरीही मला घर नकोसं झालं ते पसाऱ्यामुळे. दोन तास काम करायचं म्हटलं, तर त्यातली चाळीसेक मिनिटं वाळत घातलेले कपडे काढणं, हत्यारं मांडणं, भुसा झाडणं आणि परत सगळं पलंगाखाली सरकवणं यातच जायची. भुसा तर वरणाच्या पातेल्यापर्यंत पोचला होता. पण कडेलोट केला पुस्तकं ठेवायच्या एका मांडणीने. रविवारी रात्री सांधे फेविकॉलने जोडले, क्लॅम्प आवळले आणि चौकट जेवणाच्या टेबलावर ठेवली. सकाळी पाहुणे आले. कुणीतरी ती उचलून फ्रिजला टेकवून ठेवली. संध्याकाळी काटकोन तपासायला गुण्या लावला तर कोपऱ्यात रुपयाचं नाणं आरामात जाईल एवढी फट! ती मांडणी अजून हॉलमध्ये आहे, एका पायाखाली लग्नपत्रिकेची घडी घालून.

वर्कशॉपमध्ये पुढची चौकट फळीवर ठेवली, ‘ओलं आहे, हलवू नका’ अशी चिठ्ठी लावली आणि दोन दिवसांनी गेलो. क्लॅम्पसुद्धा कुणी सैल केला नव्हता.

आता, तुमच्याकडे गच्ची किंवा रिकामं गॅरेज असेल तर माझं म्हणणं तुम्हाला कदाचित लागू होणार नाही. नुसत्या पडद्याच्या दांड्या ठोकायच्या असतील तर घरचं ड्रिल पुरे. ते मीही ठेवलंय. पण फ्लॅटमध्ये राहून कपाट-टेबलांपर्यंत मजल मारायची असेल, तर मशीन विकत घेण्याआधी एक महिन्याची वर्गणी भरून बघा. जागा बघायला गेलात की मशीन कुठल्या कंपनीचं हे नंतर विचारा. आधी अर्धवट कामं ठेवायची फळी दाखवायला सांगा, आणि तिच्यावरच्या चिठ्ठ्या किती जुन्या आहेत ते बघा.